बीटी आहे म्हणून बसू नका, बोंड फोडून बघा

पाऊस उघडलाय. पुढचे पंधरा दिवस कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे, बाकी कामं मागे पडली तरी चालतील. एकरी वीस हिरवी बोंडं फोडून पाहिली का, तेवढं आधी सांगा.

दरवर्षी तेच. झाड हिरवंगार, बोंडं भरलेली, आणि वेचणीला कवडी कापूस नि किडकी सरकी. मग म्हणतात, "पाकिटावर बीटी होतं, पट्टीवर रेघसुद्धा आली होती." अहो, बीटी म्हणजे अळीला मारणारं क्राय प्रथिन झाडातच असलेली कपाशी. पानाच्या रसात बुडवलेली ती पट्टी प्रथिन आहे एवढंच सांगते. अळी त्याने मरते का, हे अळीलाच विचारावं लागतं. त्यासाठी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत शेतातल्या अळ्या आणून वाढवतात. त्यांची नुकती निघालेली पिल्लं क्राय प्रथिन मोजून मिसळलेल्या खाद्यावर सोडतात. प्रथिन आतड्याला चिकटलं की तिथे भोकं पडतात, अळी खाणं सोडते. जिला ते चिकटत नाही, ती खुशाल खाते, कात टाकते.

क्राय 1 एसी हे पहिलं बीटी प्रथिन आपल्याकडे 2002 ला आलं. गुलाबी अळी त्याला पुरून उरल्याचं 2010 ला गुजरातेतून कळलं. 2006 च्या बीजी-2 या दोन प्रथिनांच्या बियाण्यातल्या दुसऱ्या प्रथिनाचंही पुढे तेच झालं, आणि 2017 ला विदर्भाने ते भोगलं. अळीला साधी कपाशीही खायला मिळावी म्हणून बीटीसोबत नॉन-बीटीचं पाकीट मिळायचं; ते बांधावर लावायचं सोडून फेकणारे आपणच.

बोंड कसं बघायचं? दोन-अडीच आठवड्यांचं, अंगठ्याने दाबलं की फुटेल असं घ्या. वरून भोक शोधू नका, ते बुजलेलं असतं. सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोड दिसले, बोंडातल्या कप्प्यांच्या पडद्याला छिद्र दिसलं, की सरकी उकला. काळ्या डोक्याची पांढुरकी अळी तिथेच असते. गुलाबी रंग ती मोठी झाल्यावर येतो, तोवर उशीर झालेला.

विसात दोन बोंडं किडकी निघाली की फवारणी: प्रोफेनोफॉस 50 ईसी एकरी 400 मिली किंवा इमामेक्टिन बेन्झोएट 5 एसजी एकरी 88 ग्रॅम. दोन्हींपैकी एकच. कृषी केंद्रवाला चार बाटल्यांचं कॉकटेल हातात देईल, घेऊ नका. फवारायची 'बीटी पावडर'ही (बीटी जीवाणूची) देईल. बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ती पोचणार कशी? तोंडाला रुमाल, हातात मोजे, वाऱ्याच्या उलट फवारणी नको.

बाकी कामं:
- कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी 2
- सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यात 8 पतंग = धोका
- डोमकळ्या (अळी लागून न उमलता मिटून राहिलेली फुलं) तोडून जाळणे
- निंबोळी अर्क 5 टक्के
- डिसेंबरअखेर पीक मोकळं, फरदड (वेचणीनंतरही पीक तसंच राखणं) नाही

आणि माझा आपला अंदाज, कुठल्या पुस्तकातला नाही: गेल्या सालच्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) ढीग ज्या धुऱ्यावर आहे, तिथल्या ओळींत अळी आधी सापडते. पहिली वीस बोंडं तिथलीच फोडा. उद्या सकाळीच.