महासाथीत बाहेर जेवायला जाण्यापूर्वी धोका कसा तोलावा

साथ ऐन भरात असताना हॉटेलात जेवायला जाणे सुरक्षित आहे का, असे विचारले की चर्चा बहुधा स्वच्छतेकडे वळते. भांडी गरम पाण्याने धुतात का, वाढपी हातमोजे घालतात का, टेबल जंतुनाशकाने पुसले जाते का, यांची चौकशी होते. या गोष्टी एरवीही महत्त्वाच्याच आहेत. परंतु श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या साथीत निर्णय त्यांच्यावर ठरत नाही. कोविड-१९ च्या साथीत अन्न खाल्ल्यामुळे लागण झाल्याचा ठोस पुरावा पुढे आला नाही, आणि दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारणपणे १० हजारांत एकाहूनही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. जेवताना मास्क काढावाच लागतो, माणसे समोरासमोर बसून मोकळेपणाने बोलतात, आणि हे सारे अनोळखी लोकांनी भरलेल्या खोलीत तास-दीड तास चालते, यात खरी अडचण आहे. सीडीसीने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३१४ प्रौढांच्या पाहणीत, बाधित निघालेल्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत बाहेर जेवल्याचे सांगण्याचे प्रमाण बाधित नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट होते. मात्र त्या पाहणीत बंद दालनात जेवलेले आणि उघड्यावर जेवलेले वेगळे काढलेले नव्हते, आणि नेमका तोच भेद आपल्या निर्णयासाठी सर्वांत कळीचा आहे.

अर्थात, नवी साथ आली की तो रोग कोणत्या मार्गाने पसरतो हे आरोग्य यंत्रणेकडून आधी समजून घ्यावे. नोरोव्हायरससारखा जंतू अन्नातून आणि हातांतून पसरतो आणि त्याच्यावर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर फारसा चालत नाही. तिथे साबण-पाणी आणि स्वयंपाकघराची शिस्त हेच मुख्य प्रश्न ठरतात. पुढचे विवेचन श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला धरून केले आहे.

आधी साथीचा जोर पाहावा

एकच हॉटेल, तेच टेबल आणि तीच माणसे असली, तरी धोका आठवड्यागणिक बदलतो. समजा, गावातील दर १०० माणसांमागे एक जण या घडीला रोग पसरवण्याच्या अवस्थेत आहे. अशा वेळी १० जणांच्या खोलीत तसा निदान एक माणूस असण्याची शक्यता सुमारे १० टक्के, ३० जणांच्या खोलीत २६ टक्के आणि ५० जणांच्या दालनात जवळजवळ ४० टक्के होते. हेच प्रमाण हजारात एक इतके खाली आले, तर ५० जणांच्या दालनातही ती शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास राहते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस जेवायला येत नाही; परंतु कोविडमध्ये लक्षणे दिसू लागण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस रोग पसरवू शकत होता आणि काहींना लक्षणे कधी दिसलीच नाहीत, त्यामुळे ही सूट फार मोठी धरू नये.

रोज जाहीर होणारा नव्या रुग्णांचा आकडा एकटा पाहून फसगत होते, कारण चाचण्या कमी केल्या की रुग्णही कमी दिसतात. त्यासोबत चाचण्यांपैकी किती टक्के बाधित निघाल्या हे पाहावे. निर्बंध सैल करण्यापूर्वी हे प्रमाण किमान दोन आठवडे ५ टक्क्यांखाली असावे, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवला होता. घरच्या घरी चाचण्या होऊ लागल्यावर हा निर्देशांकही कमकुवत होतो. तेव्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या आणि, जिथे उपलब्ध असेल तिथे, सांडपाण्यातील विषाणूच्या प्रमाणाचे अहवाल अधिक भरवशाचे ठरतात. आकडा किती आहे याच्याइतकेच तो चढतो आहे की उतरतो आहे, हेही महत्त्वाचे आहे. चढत्या साथीत आज दिसणारे चित्र प्रत्यक्षात काही दिवसांपूर्वीचे असते.

घरात कोण आहे

बाहेर जेवणारा एकटा धोका पत्करत नाही. तो घरी परततो. घरात वयोवृद्ध व्यक्ती, कर्करोगावर उपचार घेणारी किंवा अवयव प्रत्यारोपण झालेली व्यक्ती, गरोदर स्त्री अथवा फुप्फुसाचा जुनाट आजार असलेले कोणी असेल, तर निर्णय त्यांच्या प्रकृतीच्या मापाने घ्यावा, स्वतःच्या नव्हे. लस घेतलेली असणे हा मोठा दिलासा आहे, पण तो गंभीर आजारापासूनच्या संरक्षणाचा आहे. लागण होण्यापासून आणि ती पुढे पोचवण्यापासून मिळणारे संरक्षण त्यामानाने कमी असते आणि काही महिन्यांत ओसरते. अशा घरात साथीचा जोर असेपर्यंत बंद दालनातले जेवण टाळणे मला सरळ वाटते. पुढील आठवड्यात एखाद्या आजारी नातेवाइकाला भेटायला जायचे असेल, तरी हाच नियम लावावा.

हवा

जागेचा विचार करताना सर्वांत अधिक वेळ हवेवर खर्च करावा. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू शहरातील एका हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतील एकूण १० जण बाधित झाले. टेबलांमध्ये सुमारे एक मीटर अंतर होते, दालनाला खिडक्या नव्हत्या, आणि एकाच वातानुकूलन यंत्राचा झोत त्या तिन्ही टेबलांवरून फिरत होता. शेजारच्या टेबलांवरील कुटुंबांचा मूळ बाधित कुटुंबाशी एकत्र असण्याचा काळ अनुक्रमे ५३ आणि ७३ मिनिटांचा होता. त्याच मजल्यावरील इतर गिऱ्हाइकांना आणि कर्मचाऱ्यांना मात्र लागण झाली नाही. पुढे झालेल्या अभ्यासात त्या दालनात बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला सुमारे एक लिटर इतकीच येत असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर सार्वजनिक इमारतींसाठी सुचवलेले प्रमाण याच्या दसपट, म्हणजे १० लिटर आहे. दक्षिण कोरियातील जोंजू येथे जून २०२० मध्ये याहून चकित करणारा प्रकार नोंदवला गेला: बाधित व्यक्तीपासून साडेसहा मीटर दूर बसलेल्या एकाला अवघ्या पाच मिनिटांच्या सहवासात लागण झाली, कारण तो हवेच्या झोताच्या वाटेत बसला होता, झोताबाहेर असलेली काही माणसे बाधिताच्या अधिक जवळ असूनही वाचली.

या दोन्ही घटनांवरून टेबलांमधील अंतर निरुपयोगी ठरते असे नाही, कारण जवळून उडणाऱ्या तुषारांपासून ते संरक्षण देतेच. परंतु केवळ अंतर मोजून समाधान मानणे चुकीचे आहे, आणि वातानुकूलन म्हणजे ताजी हवा हा समजही सोडून द्यावा. भिंतीवर बसवलेली बहुतेक एसी यंत्रे खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतात. जागेचा अंदाज घेण्याची सोपी रीत अशी की, कोपऱ्यात कोणी धूम्रपान करीत आहे अशी कल्पना करावी आणि तो धूर आपल्या टेबलापर्यंत येईल का व आला तर किती वेळ रेंगाळेल, हे स्वतःला विचारावे. उघड्या अंगणात तो क्षणात विरतो, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील तर लवकर निघून जातो, आणि बंद दालनात साचत राहतो.

ज्यांना अंदाजावर भागत नाही, त्यांनी खिशात मावणारा कार्बन डायऑक्साइड मापक वापरावा. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दशलक्षात सुमारे ४२० भाग असते आणि आपल्या उच्छ्वासात सुमारे ४० हजार. त्यामुळे खोलीतील आकडा जितका चढा, तितका आपण इतरांनी सोडलेला श्वास अधिक घेत असतो. ८०० च्या आत आकडा असेल तर वायुवीजन समाधानकारक समजावे, आणि तो दीड हजाराच्या पुढे गेला असेल तर तिथे मास्क काढून बसू नये. एक मर्यादा लक्षात ठेवावी: हेपा फिल्टर असलेले हवाशुद्धीकरण यंत्र विषाणूयुक्त कण गाळते, पण कार्बन डायऑक्साइड गाळत नाही, म्हणून असे यंत्र चालू असलेल्या खोलीत मापक धोका प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो. उलट, गर्दी होण्यापूर्वी घेतलेले माप खोटा धीर देते.

उघड्यावरची जागा सर्वांत बरी, हे निर्विवाद आहे; पण "बाहेर बसण्याची सोय" या पाटीवर जाऊ नये. चारही बाजूंनी प्लास्टिकचे पडदे सोडलेला मांडव ही व्यवहारात बंद खोलीच असते. किमान दोन बाजू पूर्ण उघड्या असाव्यात. दारातले तापमापक आणि टेबलांमधली पारदर्शक पत्र्यांची आडभिंत यांना मी फारसे गुण देत नाही: ताप नसलेला बाधित पहिल्यातून सुटतो, आणि दुसरी हवेची वाट अडवून ती साचण्यास हातभार लावू शकते.

वेळ, आवाज आणि सोबत

हवेत तरंगणाऱ्या कणांचा धोका वेळेनुसार साठत जातो, म्हणून दोन तासांच्या मैफलीपेक्षा चाळीस मिनिटांचे जेवण केव्हाही बरे. पदार्थ आधीच ठरवून ठेवणे, बिल लवकर मागणे आणि जेवण झाल्यावरच्या गप्पांसाठी बाहेर चालायला निघणे, एवढ्यानेही हा काळ पुष्कळ कमी होतो. आवाजाकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. माणूस जितक्या मोठ्याने बोलतो, तितके अधिक कण तोंडावाटे बाहेर पडतात. त्यामुळे जिथे संगीत इतके मोठे आहे की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते, ती जागा रिकामी वाटली तरी नाकारावी. गर्दीची वेळ टाळून, दालन उघडताच किंवा दोन जेवणांच्या मधल्या वेळात जाणे फायद्याचे ठरते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या, अमेरिकेतील दहा महानगरांच्या मोबाइल-हालचालींवर आधारित प्रतिमानात (गणिती मॉडेलमध्ये) शिकागो महानगरातील ठिकाणांची गर्दी क्षमतेच्या २० टक्क्यांवर रोखली तर नव्या लागणी ८० टक्क्यांहून अधिक घटतील, असा अंदाज निघाला होता, आणि टेबलावर वाढून देणारी हॉटेले सर्वाधिक धोक्याच्या ठिकाणांत गणली गेली होती.

शेजारच्या टेबलावरील अनोळखी माणसाची आपण जितकी चिंता करतो, तितकी आपल्याच टेबलावरील ओळखीच्यांची करीत नाही. वस्तुतः सर्वांत जवळ आणि सर्वांत जास्त वेळ तेच बसलेले असतात. चार वेगवेगळ्या घरांतील चौघांपेक्षा एकाच घरातील चौघे एकत्र जेवले तर नवा धोका कमी वाढतो. निघण्यापूर्वी एकमेकांना "घसा, ताप, सर्दी काही आहे का?" असे स्पष्ट विचारावे, आणि जो आजारी असेल त्याने न संकोचता येणे रद्द करावे, हे आधीच ठरवून घ्यावे. त्याच दिवशी केलेली जलद प्रतिजन चाचणी (रॅपिड अँटिजेन टेस्ट) नकारात्मक आली तर धोका घटतो, संपत नाही.

फोन आणि दार

जागा राखून ठेवताना फोनवर तीन-चार नेमके प्रश्न विचारावेत: पूर्णपणे उघड्यावर टेबल मिळेल का, खिडक्या जेवणाच्या वेळी प्रत्यक्षात उघड्या असतात का, हवा बाहेर फेकणारे पंखे चालू ठेवता का, आणि आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा मिळते का. शेवटचा प्रश्न अनेकांना आगाऊपणाचा वाटेल. परंतु ज्या कामगाराची रजा घेतली तर मजुरी बुडते, तो अंगात कणकण असतानाही कामावर येतो, हे उघड आहे. "सर्व नियम पाळतो" असे मोघम उत्तर मिळाले, तर त्याचा अर्थ उत्तर मिळाले नाही असाच घ्यावा.

एवढे करूनही अंतिम निर्णय दारात उभे राहून घ्यावा. आत कोंदट वाटले, खिडक्यांवर आतून बाष्प धरलेले दिसले किंवा आश्वासन दिलेले टेबल आतल्या कोपऱ्यात निघाले, तर परत फिरावे. भूक लागलेली, मंडळी जमलेली आणि जागा राखलेली असताना हे जड जाते, म्हणून "जागा पटली नाही तर पार्सल घेऊन निघायचे" हा पर्याय सोबतच्यांना आधीच सांगून ठेवावा.

आत बसलात तर उघड्या खिडकीजवळ, पण एसीच्या किंवा पंख्याच्या थेट झोताबाहेर बसावे. वाढपी टेबलापाशी येतो तेव्हा मास्क लावावा. आपण तासाभराने उठून जातो, तो मात्र दिवसभर मास्क काढलेल्या माणसांत वावरत असतो. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. प्रसाधनगृह लहान आणि बंद असते, तिथे मास्क लावूनच जावे.

परतल्यानंतर पुढचे काही दिवस प्रकृतीकडे लक्ष ठेवावे. कोविडच्या मूळ विषाणूत लक्षणे दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागत, नंतरच्या ओमायक्रॉन या प्रकारात सुमारे तीन. या काळात घरातील वृद्धांजवळ मास्क लावणे आणि खोलीची खिडकी उघडी ठेवणे फारसे कष्टाचे नाही. लक्षणे दिसताच स्वतःला वेगळे ठेवून चाचणी करावी, आणि ती सकारात्मक आली तर सोबत जेवलेल्यांना त्याच दिवशी कळवावे. हॉटेललाही फोन करून दिवस, वेळ आणि टेबल सांगावे, म्हणजे तुमच्या टेबलावर वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांना वेळेत चाचणी करून घेता येईल.