धुळ्याकडे जाताना बाईकचं अ‍ॅव्हरेज पडतंय? हे करून बघा

मे-जूनमध्ये जळगावहून धुळ्याकडे निघालं की पश्चिमेचा वारा सरळ छातीवर येतो आणि पेट्रोल भसाभस जातं.

१) १०० सीसीची गाडी ८० ने ताणू नका, टॉप गिअरला ५०-५५ वर एकसारखी धरा, ५० च्या मानाने ८० ला हवेचा अडथळा अडीचपट होतो.

२) जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढा, फडफडणारा रुमाल आत खोचा, आणि बाजूला आडवी लोंबणारी पिशवी मागच्या सीटवर आपल्या पाठीच्या आडोशाला बांधा, याने खरंच फरक पडतो.

येताना तोच वारा पाठीवर असतो.

फक्त वारा चुकवायला ट्रकच्या मागे चिकटून अजिबात चालवू नका, त्याने ब्रेक मारला तर आपल्याला सावरायला वेळच मिळत नाही.