सेशन सुरू आहे की नाही, हे नेमके कोणाला विचारावे?

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शिक्षणसंस्थेच्या शुल्कभरणा प्रणालीवर काम करताना पीएचपी या वेबसाइट बनवण्याच्या भाषेची एक नोटीस मला वारंवार दिसे: सेशन आधीच सुरू असल्यामुळे सेशन_स्टार्ट() कडे दुर्लक्ष करण्यात आले आहे. सेशन म्हणजे एका वापरकर्त्याची माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर टिकवण्याची सोय, आणि ती सुरू करणारे फंक्शन म्हणजे सेशन_स्टार्ट(). कारण साधे होते. हेडरच्या फाइलमध्ये हे फंक्शन होते आणि ती फाइल ज्या पानांना जोडली होती, त्यांतल्या काहींमध्येही होते. त्यावर जुन्या कोडमध्ये सर्रास आढळणारा उपाय मी केला. सेशनचा ओळख क्रमांक देणारा सेशन_आयडी() रिकामा असेल तरच सेशन सुरू करायचे.

खरी अडचण पुढे आली. पीएचपी सेशनचा डेटा सहसा फाइलमध्ये ठेवते आणि रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरने केलेली पानाची मागणी, पूर्ण होईपर्यंत त्या फाइलला कुलूप लावते; त्यामुळे मोठा अहवाल तयार होत असताना लिपिकांचा दुसरा टॅब नुसता फिरत राही. म्हणून अहवालाआधी मी सेशनचा डेटा जतन करून ते बंद करणारे सेशन_राइट_क्लोज() घातले आणि टॅब लगेच उघडू लागला. मात्र ‘अहवाल तयार आहे’ हा सेशनमध्ये ठेवलेला संदेश पुढच्या पानावर काही केल्या दिसेना. सेशन बंद झाल्यावरही सेशन_आयडी() जुनाच आयडी परत करतो आणि सेशनचा डेटा ज्यात असतो त्या $_सेशन या ॲरेतील मजकूरही जागेवर असतो, त्यामुळे माझी तपासणी ‘सेशन आहे’ असेच सांगत होती आणि संदेश केवळ मेमरीत लिहिला जाऊन रिक्वेस्टबरोबर नाहीसा होत होता.

यासाठी २०१२ मध्ये आलेल्या पीएचपी ५.४ पासून सेशन_स्टेटस() उपलब्ध आहे. सेशनची सोयच बंद असेल तर ते ० देते, सोय असून सेशन सुरू नसेल तर १, आणि सुरू असेल तर २. येथे नवखे हमखास फसतात, कारण अट तपासणाऱ्या इफच्या कंसात नुसते सेशन_स्टेटस() लिहिले, तर १ हेही खरेच धरले जाते. तुलना पीएचपी_सेशन_ॲक्टिव्ह या स्थिरांकाशीच, म्हणजे २ शीच, करावी.

मुलाखतीत हमखास चुकणारा मुद्दा मात्र वेगळाच आहे: सेशन सुरू असणे म्हणजे वापरकर्ता लॉगिन असणे नव्हे. पहिल्यांदाच आलेल्या अनोळखी पाहुण्यासाठीही सेशन_स्टार्ट() नंतर उत्तर २ हेच येते. लॉगिनसाठी सेशनमध्ये आपण ठेवलेला वापरकर्ता क्रमांकच तपासावा लागतो. सेशनच्या मुदतीसाठीही १४४० सेकंदांच्या मूळ सेटिंगवर विसंबू नये. त्यानंतर डेटा केवळ सफाईस पात्र ठरतो, लगेच पुसला जाईलच असे नाही, म्हणून शेवटच्या हालचालीची वेळ मी स्वतःच सेशनमध्ये नोंदवतो.