नवे फादर येतात तेव्हा: सीमाभागातील धर्मग्रामासाठी काही व्यवहारी सूचना

बिशपांचे बदलीचे पत्र रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे सामूहिक उपासनेनंतर, वाचून दाखवले जाते, तेव्हा बाकांवर पहिली कुजबुज एकाच प्रश्नाची होते: नव्या फादरांना मराठी येते का? १९५३ मध्ये स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या कार्यक्षेत्रात, मराठी, कोंकणी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे अनेक ठिकाणी एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला बसतात, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. तरीही तो पहिला प्रश्न असू नये, असे धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाच्या, परिषदेत काही वर्षे काम केल्यावर माझे मत झाले आहे. पहिला प्रश्न दप्तराचा, म्हणजे चर्चच्या नोंदींचा आणि हिशेबांचा असावा.

निरोपाच्या हारतुऱ्यांची तयारी सुरू होण्यापूर्वीच परिषदेच्या दोन-तीन सभासदांनी जाणाऱ्या फादरांसोबत बसून नोंदवह्या तपासाव्यात. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील कलम ५३५ प्रमाणे बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवणे बंधनकारक आहे, शिवाय विवाहाची नोंद त्या व्यक्तीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही करावी लागते. खानापूरकडची पुष्कळ मुले गोव्यात, पुण्यात, मुंबईत नोकरी करतात, त्यांची लग्नेही कधी कधी तिकडेच लागतात आणि तिकडून आलेली सूचनापत्रे इथे टेबलाच्या खणात पडून राहतात. ती बदलीपूर्वीच वहीत चढवून घ्यावीत. कारण विवाहासाठी सहसा सहा महिन्यांच्या आतला बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो, आणि अनोळखी हस्ताक्षरातली, एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेली जुनी वही चाळत बसणे हे नव्या माणसाचे पहिल्याच महिन्यातले काम होऊ नये.

पैशांच्या बाबतीतही संकोच नसावा. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामाला वित्त समिती असावीच लागते, तेव्हा शिल्लक रक्कम, देणी, अर्धवट बांधकाम आणि भांड्याकुंड्यांपासून जमिनीच्या उताऱ्यांपर्यंतची यादी या समितीच्या सह्यांनिशी नव्या फादरांच्या हाती द्यावी. बँकेत सह्या बदलायला वेळ लागतो, हे लक्षात ठेवून चर्चमधील नोकरांचे पगार आणि वीजबिल यांची सोय आधीच करून ठेवावी.

यानंतर मात्र थांबावे. बदल्या बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी, शाळा सुरू होण्याच्या सुमारास होतात आणि लगेच पाऊस लागतो. भाताच्या रोप लावणीच्या दिवसांत वाड्यावाड्यांतली माणसे चिखलात असतात. त्या काळात बोलावलेल्या सभेला गावठाणातली चार घरे येतात आणि त्यांचेच मत धर्मग्रामाचे मत ठरते. सभेऐवजी परिषदेच्या सभासदांनी फादरांना आठवड्याला एका वाड्यात न्यावे, तिथल्या क्रुसाजवळ तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणावा, आजाऱ्यांची घरे दाखवावीत आणि कोणत्या घराचे कोणत्या घराशी बोलणे बंद आहे, हे त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी पाहू द्यावे. आपल्या गटाची बाजू मांडण्याचा मोह या भेटींत होतो; तो आवरणे कठीण जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्याकडे एकदा मिस्सेची वेळ आठाऐवजी सातची केली गेली. शाळेतल्या मुलांना आणि शहरात कामाला जाणाऱ्यांना ते सोयीचे होते, परंतु लांबच्या वाड्यातून येणारी पहिली बस साडेसातला पोहोचते, हे सभेत कुणाच्या लक्षात आले नाही, कारण बसने येणारे कुणी सभेत नव्हतेच. दोन महिने म्हाताऱ्या बायका प्रवचन संपल्यावर आत येत राहिल्या आणि आळशीपणाचा ठपका मात्र त्यांच्यावर आला. म्हणून वेळ बदलायची असल्यास आधी बसच्या वेळा कागदावर लिहाव्यात, बदल तीन महिन्यांपुरता जाहीर करावा आणि फेरविचाराची तारीख सूचनाफलकावर त्याच दिवशी लावावी.

आता भाषेकडे वळू. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. लोकभाषा नेमकी कोणती, हे आपल्या भागात प्रत्येक चर्चला स्वतः सोडवावे लागते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चाललेल्या वादाची सावली त्यावर पडतेच. ती चर्चच्या दाराबाहेर ठेवायची असेल, तर मागणी करण्याऐवजी मदत करावी. कन्नड किंवा कोंकणी घरातून आलेल्या फादरांसोबत एखाद्या निवृत्त शिक्षकाने शनिवारी संध्याकाळी रविवारचे शुभवर्तमान मोठ्याने वाचावे; तीन-चार महिन्यांत उच्चार सुधारतात आणि संकोचही जातो. प्रवचन एकाच भाषेत, पण थोडक्यात असावे. एकच प्रवचन तीन भाषांत सांगितले की कुणालाच ते पुरते ऐकायला मिळत नाही. पहिले वाचन मराठीत आणि दुसरे कन्नडमध्ये, पुढच्या रविवारी उलट, अशी पाळी महिन्याच्या सुरुवातीलाच लिहून लावल्यास वाद निम्मे होतात. पापनिवेदनाला मात्र तडजोड चालत नाही. मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत मन मोकळे न करता येणाऱ्या वृद्धांसाठी मराठी जाणणाऱ्या शेजारच्या फादरांना महिन्यातून एकदा बोलावण्याची विनंती करावी.

धर्मग्राम परिषदेला निर्णयाचा नव्हे, सल्ल्याचा अधिकार आहे, असे कलम ५३६ सांगते. सभासद हे विसरतात आणि फादर कधी कधी ते फारच लक्षात ठेवतात. सल्ला लेखी द्यावा आणि तो मानला गेला नाही, तर बाहेर चौकात बोलू नये.

८ सप्टेंबरला येशूची आई मारिया हिच्या जन्माच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, नवी कणसे चर्चमध्ये येतात, तोपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि लावणीही उरकलेली असते. पहिली मोठी सभा त्यानंतरच्या रविवारी घ्यावी. जुन्या फादरांना त्या वर्षीच्या फेस्ताला बोलावू नये; पुढच्या वर्षी मात्र आमंत्रण द्यायला नव्या फादरांनाच सोबत घेऊन जावे.