डे-नाइट काचांची सवय कशी लावावी: नागपूरच्या उन्हातलं मार्गदर्शन

"दोन-चार दिवस घाला, आपोआप सवय होईल." उन्हात काळा पडणारा, म्हणजे डे-नाइट काचांचा नंबरचा चष्मा घेताना दुकानात हमखास ऐकू येणारा हा सल्ला मला अजिबात पटत नाही. आपोआप काही होत नाही. काच केव्हा काळी पडते, केव्हा उतरते म्हणजे पुन्हा पांढरी (पारदर्शक) होते, हे ओळखून आपल्या चालण्याला आणि गाडी चालवण्याला थोडं वळण लावावं लागतं.

सुरुवात चष्मा करायला टाकताना होते. नवा नंबर, पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचण्याचा नंबर) आणि वर डे-नाइट, असं सगळं एकदम घेऊ नका. मग डोकं दुखलं तर दोष कुणाचा ते कळत नाही. जमीन वरखाली वाटत असेल, कडेचं वाकडं दिसत असेल तर त्याचा काचेच्या रंगाशी संबंध नाही. नंबर आणि फिटिंग पुन्हा तपासून घ्या.

दुसरं, काच कशाने काळी होते ते पक्कं लक्षात ठेवा. ती मुख्यतः अतिनील किरणांनी काळी होते, नुसत्या उजेडाने नाही. म्हणून घरातल्या ट्यूबलाइटखाली ती पांढरीच राहते आणि पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी, ऊन नसतानाही, बऱ्यापैकी काळी पडते. कारच्या समोरच्या काचेतून अतिनील किरणं जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे स्टिअरिंगवर बसल्यावर साधी डे-नाइट काच जेमतेम रंग धरते. वर्धा रोडवर भर दुपारी कार चालवणाऱ्याने नंबरचा वेगळा गॉगल करून घ्यावा.

उन्हाळ्याचं गणित तर उलटंच. काचेतल्या रंगद्रव्याचे रेणू अतिनील किरणांनी काळे होतात आणि उष्णतेने पुन्हा पांढरे होऊ लागतात. त्यामुळे नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) पारा ४५ अंशांवर गेला की आपल्याला सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच काच कमी काळी होते, आणि जानेवारीच्या गार सकाळी फुटाळा तलावावर तीच काच गडद होते. मे महिन्यात "काच खराब निघाली" म्हणून दुकानात भांडायला जाण्याआधी हे आठवा. चष्मा फ्रीजमध्ये ठेवून गार करण्याचा सल्लाही कुणी दिला तर ऐकू नका.

आता खरी अवघड गोष्ट: उन्हातून आत येणं. मला सर्वांत जड गेलं ते हेच, आणि माणसं पडतात तीही इथेच. काळी पडायला काचेला अर्धा-एक मिनिट पुरतं, उतरायला मात्र काही मिनिटं लागतात. त्यात बाहेरच्या लख्ख उन्हाला सरावलेले आपले डोळेही अंधाराला जुळवून घ्यायला वेळ मागतात. दोन्ही उशीर एकत्र आले की इतवारीतल्या एखाद्या जुन्या दुकानाचा अंधारा जिना दिसतच नाही.

यावर उपाय म्हणजे आपल्या काचेचा वेळ स्वतः मोजणं. सकाळी नऊच्या सुमारास ओसरीत किंवा गॅलरीत पांढऱ्या कागदावर चष्मा ठेवा, एका काचेवर पुठ्ठ्याची पट्टी आडवी टाका. दोन-तीन मिनिटांनी आत आणून पट्टी काढा. झाकलेला भाग फिकट दिसेल. तो पट्टा बाकीच्या काचेत मिसळून दिसेनासा व्हायला किती वेळ लागला ते घड्याळात बघा. एकदा उन्हाळ्यात, एकदा हिवाळ्यात करा, कारण गारव्यात काच सावकाश उतरते. एसीच्या कचेरीतही कूलरच्या खोलीपेक्षा जास्त वेळ घेते.

मग नियम एकच. दारातून आत आलात की भिंतीच्या बाजूला सरका आणि थांबा. पायरीची कड स्पष्ट दिसल्याशिवाय पाऊल टाकू नका, मागचा कितीही घाई करो. चष्मा कपाळावर सरकवून जिना उतरणं मला मुळीच मान्य नाही, कारण अंधार कमी होतो पण नंबरही जातो. प्रोग्रेसिव्ह असेल तर आणखी जपा: खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायरी धूसर दिसते. हनुवटी छातीकडे घ्या, वरच्या भागातून बघा आणि कठडा धरा. घरातल्या साठीपुढच्या माणसांना हे शब्दांत सांगू नका, सोबत जाऊन करून दाखवा.

दुचाकीवरून थेट बेसमेंट पार्किंगमध्ये शिरणं त्याहून धोक्याचं. उताराच्या तोंडाशी सावलीत थांबून काच उतरत नाही, सावलीतही अतिनील किरणं असतातच. मी हेल्मेटचं पारदर्शक व्हायझर वाटेत खालीच ठेवते. पॉलिकार्बोनेटचं व्हायझर ती किरणं बऱ्याच अंशी अडवतं, म्हणून काच फार काळी पडतच नाही. तरीही हेडलाइट लावा आणि पायी चालण्याच्या वेगाने उतरा.

निगा सोपी आहे. दुपट्ट्याच्या टोकाने काच पुसू नका, धुळीने चरे पडतात. गार पाण्याने धुवा. मे महिन्यात चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका, उष्णतेने वरच्या कोटिंगला बारीक तडे जातात आणि ते दुरुस्त होत नाहीत.

काही वर्षांनी काच उन्हात पुरेशी काळी होईनाशी होते, घरातही पिवळट झाक राहते. पट्टीची परीक्षा पुन्हा घ्या. काचा बदलायच्या ठरल्या तर दोन्ही एकदम बदला. एकच बदलली तर नवी आणि जुनी उन्हात वेगवेगळ्या रंगाच्या दिसतात.