संस्थेसाठी मोफत कॉर्पोरेट वकील कसा मिळवावा आणि मिळाल्यावर त्याचा वेळ कसा वापरावा

आमच्या संस्थेला पहिला सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) मंजूर झाला तेव्हा कंपनीकडून 14 पानी इंग्रजी करारनामा आला. रक्कम 8 लाख. सचिवांनी शेवटच्या पानावर सही ठोकली, शिक्का मारला आणि पेढे आणायला माणूस पाठवला. आमच्या अध्यक्षबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, न वाचता सही करायची सवय नाही. त्या नवव्या पानावर थांबल्या. प्रकल्पामुळे कंपनीचं जे काही नुकसान होईल ते संस्थेने भरून द्यायचं, असं तिथे लिहिलं होतं. किती रुपयांपर्यंत, ते कुठेच नाही. पुढे आणखी एक गंमत: कंपनी 30 दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगता, करार संपवू शकेल. आणि आम्ही बालवाडीच्या शिक्षिका वर्षभरासाठी नेमून बसलो होतो.

आमचे नेहमीचे वकील तालुका कोर्टात जमिनीचे दावे चालवतात. त्यांनी कागद चाळला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, हे माझं काम नाही. कंपन्यांची कामं करणारा वकील बघा." तसा वकील तासाची जी फी घेतो तेवढा आमच्या एका शिक्षिकेचा महिन्याचा पगार. तरीही तीन आठवड्यांनी तो करार मुंबईतल्या एका वकीलबाईंनी वाचला, एक पैसाही न घेता. हे कसं जमतं, ते सांगतो.

सरकारी मोफत मदत इथे चालत नाही

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल त्याची यादी आहे: महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, कोठडीत असलेले, ठरावीक उत्पन्नाखालचे लोक वगैरे. यादी माणसांची आहे, त्यात संस्था बसत नाही. केंद्राची 'न्याय बंधू' योजनाही याच यादीतल्या लोकांसाठी आहे. म्हणजे तुमच्या लाभार्थी महिलेला तालुका विधी सेवा समितीकडे जरूर पाठवा, पण संस्थेचा करार घेऊन तिथे जाऊ नका, हेलपाटा पडेल.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

सगळं घोडं इथेच अडतं. "आम्हाला कायदेशीर मार्गदर्शन हवं आहे" अशा विनंतीला कुठलाही व्यग्र वकील उत्तर देणार नाही, कारण काम किती तासांचं आहे तेच त्याला कळत नाही. "14 पानी अनुदान करार आहे, त्यातली नुकसानभरपाई आणि करार संपवण्याची कलमं तपासून हवीत, सही 20 तारखेच्या आत करायची आहे" असं लिहिलं की त्याला पटकन अंदाज येतो.

व्यवसायाची कामं करणारा वकील कशाला उपयोगी? करार वाचायला आणि लिहायला: सीएसआरचे, दुसऱ्या संस्थेबरोबरचे, सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्यांबरोबरचे. नेमणूकपत्रांना. संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह ट्रेडमार्क करायला. 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिचं धोरण लिहायला. कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली ना-नफा कंपनी काढावी की ट्रस्ट बरा, हे समजून घ्यायला.

कशाला उपयोगी नाही? 80जी आणि 12एबी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, ते सीएचं काम. आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या कामाला तिथे रोज उभा असणारा स्थानिक वकीलच हवा. ओळखीतल्या एका संस्थेने सभागृह 5 वर्षांसाठी भाड्याने द्यायचं ठरवलं. शहरातल्या वकिलाने झकास भाडेपट्टा लिहून दिला, एकही पळवाट सोडली नाही. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे ट्रस्टची इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वकील हुशार होता, फक्त हा त्याचा रोजचा रस्ता नव्हता.

कागद जुळवा

यात लाज वाटेल असं काही ना काही निघतंच, म्हणून वकिलाकडे जायच्या आधी घरच्या घरी काढून घ्या. नोंदणी प्रमाणपत्र, घटना आणि नियमावली, परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातली तुमच्या ट्रस्टची नोंद, त्यात विश्वस्तांची नावं असतात) ताजा उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संबंधित ठरावाचं इतिवृत्त. परिशिष्ट एक उघडून नावं मोठ्याने वाचा. आमच्यात सातपैकी दोन विश्वस्त वारलेले होते आणि एक अमेरिकेत स्थायिक. विश्वस्त बदलले की त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडून द्या. नाहीतर करारावर सही करणाऱ्याचं नाव सरकारी दप्तरात नाही, आणि कंपनीचा तपासणारा माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो.

पैसा कुठून येणार तेही लिहा. परदेशी देणगीचा पैसा असेल तर उत्तरच बदलतं: परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, मग भागीदार संस्थेबरोबरचा करार कितीही छान लिहिला तरी उपयोग नाही.

विचारायचं कुठे

भारतीय वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियम 36 ने बंदी आहे. त्यामुळे 'संस्थांना मोफत सल्ला' अशी पाटी कुठे दिसणार नाही. मात्र त्याच नियमावलीतला नियम 46 सांगतो की आपल्या ऐपतीत बसेल तितकी गरजूंना मोफत मदत करणं ही वकिलाची मोठी जबाबदारी आहे. म्हणजे दार उघडं आहे, फक्त ठोठवायचं आपणच.

संस्था आणि वकील यांची गाठ घालून देणारी दोन ठिकाणं माझ्या माहितीत आहेत. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनचं 'ट्रस्टलॉ' 2010 पासून चालतं: आधी संस्थेची तपासणी होते, मग तुमचं काम वकिलांच्या फर्मपुढे ठेवलं जातं आणि एखादी फर्म ते उचलते. दुसरं 'आयप्रोबोनो', त्यांचं भारतातही काम आहे. इंग्रजीत अर्ज करावा लागतो, वेळही लागतो, तेव्हा सहीच्या आदल्या दिवशी तिकडे धावू नका.

ओळखीचा रस्ताही वाईट नाही. आमच्या वकीलबाई एका देणगीदाराच्या भाची निघाल्या. पण निधी देणाऱ्या कंपनीच्याच विधी विभागातल्या माणसाला "जरा आमच्या बाजूने बघा" असं म्हणू नका, तो बिचारा अडचणीत येतो. शिवाय कंपनीत पूर्णवेळ पगारावर असलेला वकील कोर्टात तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही.

पत्र

आम्ही पाठवलेला मेल साधारण असा होता:

"नमस्कार मॅडम. आमची संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असून तालुक्यात 6 बालवाड्या चालवते. एका कंपनीकडून 8 लाखांचं सीएसआर अनुदान मिळतं आहे. करार सोबत जोडला आहे. पान 9 वरची नुकसानभरपाई, पान 12 वरची नोटीस आणि मुलांच्या फोटोंचं कलम, या तीन गोष्टींवर आपलं मत हवं आहे. सही 20 तारखेपर्यंत करायची आहे. आम्ही फी देऊ शकत नाही. आपल्याला जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी मदत होईल."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नकार देणं सोपं केलं की उत्तर लवकर येतं.

कंपनीचं नाव मेलमध्ये किंवा लगेच फोनवर सांगा. ती कंपनी त्या फर्मची अशील असेल तर त्यांना तुमचं काम घेता येत नाही. हे तपासायला चार-आठ दिवस जातात. तेवढ्यात तीन आठवणीचे फोन करायची गरज नाही.

काम सुरू झालं की

वकिलाशी बोलणारा माणूस एकच ठेवा. संपूर्ण कार्यकारी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून त्यात वकिलाला घालू नका. काय करणार, कधीपर्यंत, आणि काय करणार नाही, हे दोन ओळींत लेखी घ्या. मुद्रांक शुल्क, नोटरी, अनुवाद हा खर्च संस्थेचाच, मोफत असते ती वकिलाची फी. घटना मराठीत असेल तर लागणारी कलमं इंग्रजीत करून द्या, मुंबईतल्या फर्ममध्ये वाचणारा मराठी असेलच असं नाही.

वकीलबाईंनी आम्हाला तीन बदल सुचवले. भरपाई मिळालेल्या अनुदानापेक्षा जास्त नसावी. नोटीस 90 दिवसांची, आणि तोवरचे शिक्षिकांचे पगार कंपनीने द्यावेत. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरू नयेत. पहिले दोन कंपनीने एका मेलमध्ये मान्य केले. आम्ही आठ दिवस घाबरत बसलो होतो की बदल मागितले तर पैसे जातील! फोटोंवर मात्र ओढाताण झाली, शेवटी संमतीपत्राचा नमुना आम्हीच मराठीत करून दिला.

एक मोह टाळा. मदत झाली म्हणून लगेच त्या वकिलाला विश्वस्त करून घेऊ नका. मंडळात मत देणारा आणि त्याच मंडळाला तटस्थ सल्ला देणारा एकच असला की पुढच्या वादात दोन्ही भूमिका पातळ होतात.

आभार जपून माना. चौकात फ्लेक्स नको. जाहिरातीच्या नियमामुळे त्रास त्यांना होईल. वार्षिक अहवालात नाव छापायचं तर आधी विचारा. सही झालेल्या कराराची प्रत मात्र आठवणीने पाठवा, पुष्कळ संस्था ती पाठवतच नाहीत.

आमच्या वकीलबाई पुढच्या पावसाळ्यात बालवाडी बघायला आल्या. शाल-श्रीफळ नको म्हणाल्या, मुलांबरोबर खिचडी खाल्ली, आणि निघताना टेबलावरचं देणगी पावतीपुस्तक सहज उचलून पाहिलं. त्यावर 80जीचा जुना नोंदणी क्रमांक छापलेला होता. दुसऱ्या दिवशी नवी पुस्तकं छापायला टाकली.