परदेशातल्या मंडळीत संगीतसेवेला जाताय? या चुका टाळा

परदेशातल्या चर्चमध्ये काही आठवडे वाजवायला किंवा गायन मंडळ शिकवायला जायचं ठरलं, की आपल्याकडे पहिली धावपळ होते तिकिटाची आणि गाण्यांच्या वहीची. बिघडतं मात्र दुसरीकडेच. यजमान मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, जे लेखी विचारायला हवं होतं, ते कुणी विचारलेलंच नसतं.

"सेवाच तर आहे, नोकरी थोडीच?"

पाळकसाहेबांचं "अवश्य या" असं प्रेमाचं पत्र जोडून साध्या पर्यटक व्हिसावर निघणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पगार नाही म्हणजे ते काम नाही, असं व्हिसा खातं सहसा धरत नाही. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण एकूण 30 दिवसांपर्यंतच, तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, आणि प्रवासाचं मुख्य कारण दुसरं असेल तरच. मेख पुढे आहे. इंग्लंडमधल्या कित्येक लहान मंडळ्यांना नोंदणीतून सूट असते, त्यामुळे त्यांच्याकडे नोंदणी क्रमांकच नसतो. तो आधी मागून घ्या. मुक्काम लांबणार असेल तर चॅरिटी वर्कर व्हिसा आहे. तो 12 महिन्यांपर्यंत मिळतो, पण स्पॉन्सर परवाना असलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं.

अमेरिकेच्या बी-1 व्हिसात धर्मादाय स्वयंसेवेची सोय आहे. संस्थेच्या पत्रात तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, इथला कायमचा पत्ता, तिथे प्रथम पोहोचण्याचं ठिकाण आणि कामाचा कालावधी, इतकं असायलाच हवं. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जाण्याआधी पत्र या यादीशी ताडून पाहा. या व्हिसावर वस्तू विकणं आणि देणग्या गोळा करणं चालत नाही. म्हणजे आपल्या चर्चच्या छपरासाठी तिथे मदतनिधीचा कार्यक्रम करायचा विचार असेल, तर तो सोडून द्या.

उपासनेनंतर हातात येणारं पाकीटही असंच अडचणीचं. देणारा मनापासून देतो, नाही म्हणणं जड जातं. पण राहणं, जेवण, प्रवासखर्च वेगळा आणि रोख मानधन वेगळं. हा विषय पत्रव्यवहारातच संपवा आणि ती रक्कम त्यांच्याच अर्पणात जाऊ द्या.

पेटी लागते, पण त्यांच्या पियानोला लागत नाही

इथे वर्षानुवर्षं गोड वाजणारी पेटी तिथल्या पियानोशेजारी ठेवली की बेसूर वाटते. कारण साधं आहे. पियानो सहसा 440 हर्ट्झला लावलेला असतो आणि आपल्याकडच्या जुन्या पेट्या वर-खाली सरकलेल्या असतात. मोबाईलवर ट्यूनर उघडून मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा. 446 दिसलं, तर फरक सुमारे 23 सेंटचा झाला (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). ऐकणाऱ्याला तो पहिल्याच ओळीत खुपतो. यजमानांकडून त्यांच्या पियानोचा किंवा ऑर्गनचा तोच स्वर रेकॉर्ड करून मागवा आणि त्यानुसार पेटीवाल्याकडून सूर लावून घ्या. एकेक सूर घासून जुळवायचं काम आहे, त्याला वेळ द्या. आदल्या आठवड्यात जाल तर होणार नाही.

तबल्याचं दुखणं हवेचं. मुंबईच्या दमट हवेत ओढून लावलेली पुडी (तबल्याचं चामडं) हीटर चालू असलेल्या कोरड्या चर्चमध्ये आणखी ताणली जाते, सूर चढतो, कधी पुडी फाटते. निघण्याआधी गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) वर सरकवून वादी (ताणाची चामडी पट्टी) सैल करा. तिथे पोहोचल्यावर तबला एक रात्र खोलीतच राहू द्या, हीटरपासून लांब, आणि मगच सुरात लावा. एक जादा पुडी जवळ असू द्या. हातोडी चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये ती काढून घेतात. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जात असाल तर चामडं आणि लाकूड दोन्ही आगमन फॉर्मवर जाहीर करा. लपवलं तर दंड होतो. जाहीर केलं तर बहुतेक वेळा तपासून परत देतात. महागडं वाद्य असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना तेच वाद्य नवं आणलं का, हा वाद होत नाही.

कीबोर्डच्या अडॅप्टरवर 100-240 व्होल्ट छापलेलं आहे का, तेही पाहा. अमेरिकेत 120 व्होल्ट असतात. वायरलेस माइक घरीच ठेवा, कारण फ्रिक्वेन्सीचे नियम देशागणिक बदलतात.

गाणं त्यांचं, साथ आपली

इथे सर्वाधिक काळजी घ्या. मंडळी चार आवाजांत (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) गात असताना पेटीवर हरकती घेतल्या, की आल्टो आणि टेनर आपली ओळ सोडून तुमच्या मागे यायला लागतात. पहिल्या रविवारी फक्त ऐका किंवा साधे कॉर्ड धरा. त्यांच्या गायनप्रमुखाने सांगितल्याशिवाय पट्टी बदलू नका. आपल्याला सोयीची काळी दोन त्यांच्या सोप्रानोला छताला नेऊ शकते.

आफ्रिकेतल्या अनेक मंडळ्या पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनऐवजी टॉनिक सोल्फा, म्हणजे दो-रे-मी अक्षरांतली स्वरलिपी, वाचतात. त्यात 'दो' आपल्या 'सा'सारखाच पट्टीनुसार सरकतो, त्यामुळे सरगम येणाऱ्याला तो लवकर जमतो. फ्रेंच किंवा स्पॅनिश वळणाच्या ठिकाणी मात्र 'दो' म्हणजे कायम पांढरी एक. तिथे हीच सवय घात करते.

उपासनेचं वर्ष विचारून घ्या. कॅथलिक चर्चमध्ये लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) आलेलुया गात नाहीत, आणि लेतारे रविवार (लेंटमधला चौथा रविवार) व मोठे सण सोडले तर वाद्यं केवळ गायनाला आधार म्हणून वाजवतात. त्या दिवसांत स्वतंत्र वादनाचा कार्यक्रम घेऊन गेलात तर तो तसाच राहून जाईल.

उरलेले कागद

मुलांच्या गायन मंडळाबरोबर काम असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करा, शुल्क 500 रुपये. चाळीच्या पुनर्विकासामुळे पत्ता बदललेल्यांनी वेळ राखून अर्ज करावा, कारण पडताळणी नव्या पत्त्यावर होते. केनिया-युगांडासाठी यलो फिव्हरची लस प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घ्या; प्रमाणपत्राशिवाय परतलात तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आणि उपासना यूट्यूबवर जाणार असेल तर आपली मराठी गीतं निवडताना रचनाकाराच्या निधनाचं वर्ष पाहा. भारतात त्यानंतर 60 वर्षं हक्क राहतात, ब्रिटन आणि युरोपात 70. पडद्यावर शब्द दाखवण्याचा आणि थेट प्रक्षेपणाचा परवाना वेगवेगळा असतो, दोन्ही यजमान मंडळीच्या नावावर आहेत का, हे त्यांनाच विचारा.